बाईंची परीक्षा कोण घेणार?



गेल्या अंकात मुलांच्या मोबाइलबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर मंडळाच्या कार्यक्रमात दोन-तीन जणांनी गाठून सांगितलं, "आता शाळेवर लिही." विषय डोक्यात होताच. निमित्त मिळालं ते आमच्या मावशीमुळे.

मावशी तलासरी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. वय एकोणपन्नास, नोकरीची चोवीस वर्षं झालेली, वर्ग बहुतेक पहिली-दुसरीचे. दोन रविवारांपूर्वी ती आमच्याकडे दादराला आली. चहा झाल्यावर तिने पर्समधून मोबाइल काढून माझ्यापुढे धरला.

"अरे, यात ते टीईटीचं अ‍ॅप टाकून दे. सराव परीक्षा असतात म्हणे त्यात."

"कुणासाठी गं?"

"कुणासाठी म्हणजे? माझ्यासाठी. मलाच द्यायची आहे."

मला वाटलं ती थट्टा करते आहे. पण नाही. सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी दिलेल्या निकालानुसार पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांपेक्षा जास्त काळ असलेल्या शिक्षकांना दोन वर्षांच्या आत शिक्षक पात्रता परीक्षा, म्हणजे टीईटी, उत्तीर्ण व्हावी लागेल. नाही झाले तर नोकरी सोडावी लागेल. ही परीक्षा सुरू होण्याआधी लागलेल्यांनाही हे लागू आहे. मावशी लागली तेव्हा टीईटी हा शब्दसुद्धा नव्हता. तेव्हा डी.एड. झालेल्याला शिक्षक म्हणत.

अ‍ॅप टाकून दिलं. पहिली सराव परीक्षा तिने आमच्याच जेवणाच्या टेबलावर बसून दिली. १५० प्रश्न, १५० मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय. बालमानसशास्त्र, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी तीस प्रश्न. खुल्या गटाला पास व्हायला ६० टक्के, म्हणजे ९० गुण लागतात. मावशीला ८१ मिळाले.

तिचा चेहरा बघून मला काय बोलावं कळेना. मी चुकलेले प्रश्न उघडून बघू लागलो. काही खरोखर माहितीचे होते, कोणत्या मानसशास्त्रज्ञाने कोणता सिद्धांत मांडला वगैरे. ते पाठ करता येतील. पण एका प्रश्नापाशी ती अडली. प्रश्न साधारण असा होता की वर्गातलं एक मूल कधीच उत्तर देत नाही, तर शिक्षकाने काय करावं? खाली चार पर्याय.

"यातलं मूल कोणतं ते तर सांगितलंच नाही," मावशी म्हणाली. "लाजरं आहे? उपाशी आलंय? की माझी भाषाच त्याला कळत नाही? प्रत्येकाचं उत्तर वेगळं आहे रे."

त्या प्रश्नाला एकच बरोबर उत्तर होतं. तिने निवडलेलं चूक निघालं.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. जी बाई चोवीस वर्षं वर्गात उभी आहे, तिला शिकवता येतं की नाही हे आपण कसं ठरवतो? आणि जी मुलगी उद्या पहिल्यांदा वर्गात उभी राहणार आहे, तिचं कसं ठरवायचं?

खिडकीकडची रांग

मावशीने डी.एड. केलं ते नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला. मिशनच्या जुन्या आवारातलं एक अध्यापक विद्यालय होतं. जेवताना मी विचारलं, "तुम्हाला तेव्हा कोण तपासायचं?"

त्यावर तिने सांगितलेली गोष्ट तशीच लिहितो. सराव पाठ असला की छात्राध्यापिकेने आदल्या दिवशी पाठाचं टाचण काढायचं, मार्गदर्शक मॅडमची सही घ्यायची आणि दुसऱ्या दिवशी जवळच्या शाळेतल्या खऱ्या वर्गावर शिकवायचं. मॅडम वही घेऊन शेवटच्या बाकावर बसायच्या. मावशीचा तिसरा की चौथा पाठ होता. तिच्या मते उत्तम झाला होता. हेतुकथन ठरल्याप्रमाणे, फळ्यावरचं अक्षर सुंदर, वेळेत संपलेला. मॅडमनी वहीत एकच ओळ लिहिली : खिडकीकडची रांग तुला दिसलीच नाही.

"मला इतका राग आला! तक्ते करायला रात्रभर जागले होते मी. पण दुसऱ्या दिवशी मॅडम पुन्हा येऊन बसल्या. त्यांनी बाकी काही बघितलं नाही, फक्त ती रांग बघितली. तेव्हापासून आजतागायत वर्गात शिरले की माझी मान आधी खिडकीकडे वळते."

मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला. आमच्याकडे नवीन मुलाने लिहिलेला कोड जुना माणूस वाचतो, शेरे मारतो, परत पाठवतो, दुरुस्त झाल्यावर पुन्हा वाचतो. याला आम्ही रिव्ह्यू म्हणतो. गंमत अशी की नोकरी लागण्यापूर्वी दिलेल्या ऑनलाइन चाचणीतलं मला आज काहीही आठवत नाही. पहिल्या वर्षी सीनियरने माझ्या कोडवर मारलेले शेरे मात्र अजून पाठ आहेत. मॅडमची ती ओळ मला लगेच ओळखीची वाटली.

नगरच्या फॅरारबाई

मिशनच्या आवाराचा विषय निघालाच आहे तर थोडं मागे जाऊ. शिक्षक "तयार" करावा लागतो, हा विचार मराठी मुलखात ज्या ठिकाणी आधी रुजला, त्यांत नगरचं नाव येतं.

सिंथिया फॅरार ही अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरची अविवाहित शिक्षिका १८२७ च्या अखेरीला मुंबईत उतरली. अमेरिकन मिशनने तिला मुलींच्या शाळांसाठी पाठवलं होतं. एकट्या बाईला इतक्या लांब पाठवणं त्या काळी अमेरिकेतही नवलाचं होतं. मुंबईत दहा वर्षं काम करून, तब्येतीमुळे मायदेशी जाऊन ती १८३९ मध्ये परत आली ती नगरला. १८६२ मध्ये तिथेच वारली. योगायोग असा की अमेरिकेतली शिक्षक घडवणारी पहिली सरकारी शाळा मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याच १८३९ साली उघडली. अशा शाळांना "नॉर्मल स्कूल" म्हणत. शिकवण्याचा नमुना, म्हणजे "नॉर्म", जिथे दाखवला जातो ती नॉर्मल स्कूल. शब्द मूळ फ्रेंच.

नगरला जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीला होते. त्यांच्याबरोबर जोतीरावांनी फॅरारबाईंच्या मुलींच्या शाळा पाहिल्या आणि तिथली शिस्त व शिकवणं बघून आपल्याकडेही असं व्हावं असं त्यांना वाटलं. पुढे १८४८ मध्ये पुण्यात भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, हे आपण सगळे शाळेत शिकलोय.

शाळेत आपल्याला कमी सांगितलं जातं ते पुढचं. सावित्रीबाई नुसत्या शिकून थेट शिकवायला उभ्या राहिल्या नाहीत. नगरला फॅरारबाईंच्या संस्थेत आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये त्यांनी अध्यापनाचे धडे घेतले, असं त्यांची चरित्रं सांगतात. म्हणजे दर ३ जानेवारीला आपण जिच्या तसबिरीला हार घालतो, ती पहिली शिक्षिका ही प्रशिक्षित शिक्षिका होती. रस्त्यावरचे शेण-दगड तिने सोसले हे खरंच आहे. पण वर्गात गेल्यावर काय करायचं हेही तिला येत होतं, म्हणून शाळा टिकली. धैर्याबद्दल आपण भरपूर बोलतो, प्रशिक्षणाबद्दल गप्प असतो.

त्यांचं मूल्यमापन कसं झालं? मुलींची जाहीर परीक्षा घेऊन. १८५२ मध्ये पुण्यात लोकांसमोर मुलींना प्रश्न विचारले गेले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे मेजर कॅन्डी यांनी जोतीरावांचा सन्मान केला. गुरूची पारख शिष्यांवरून, अशी ती पद्धत.

एकच वर्ष, दोन साक्षी

पण ही पद्धत पुरेशी नाही, हे त्याच लोकांनी पुढे सांगितलं. १८८२ मध्ये सरकारने शिक्षणाची पाहणी करायला विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. त्याच्यापुढे आपल्याकडच्या दोन मोठ्या माणसांनी मत मांडलं. एक जोतीराव, दुसऱ्या पंडिता रमाबाई.

जोतीरावांनी लेखी निवेदन दिलं. त्यात प्राथमिक शिक्षकाबद्दल ते अगदी नेमकं बोलतात. शिक्षक प्रशिक्षित हवा. तो शक्यतो शेतकरी वर्गातला हवा, म्हणजे लोकांत मिसळेल आणि त्यांच्या गरजा ओळखेल. वेळ पडली तर त्याला नांगराची मूठ किंवा सुताराची वाकस धरता यायला हवी. प्रशिक्षणात शेती आणि आरोग्याचं प्राथमिक ज्ञानही द्यावं. पगार बारा रुपयांपेक्षा कमी नसावा आणि मोठ्या गावात पंधरा-वीस असावा. तपासणीबद्दलही त्यांनी लिहिलं : वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाचा फारसा उपयोग नाही. निदान तीन महिन्यांनी तरी यावं, आणि अधूनमधून न कळवता यावं.

रमाबाई तेव्हा चोवीस वर्षांच्या होत्या. त्यांनी मागितलं ते असं : मुलींना शिकवायला स्त्रिया तयार करा, त्यांना आधी स्वतःची भाषा नीट येऊ द्या, त्यांना पगार चांगला द्या आणि त्यांच्या शाळा तपासायला स्त्रियाच नेमा. कारण मोठं मार्मिक होतं. पुरुष तपासनीस वर्गात शिरला की बाई आणि मुली दोघीही भेदरतात, तोंडातून शब्द फुटत नाही. ते पाहून तो वाईट अहवाल लिहितो. मग त्या अहवालावर सरकार बाईच्या जागी पुरुष शिक्षक नेमतं.

आम्हा प्रोग्रामरांना हे पटकन कळतं. आमच्याकडे एक जातीचा बग असतो. तपासायला बसलं की तो गायब होतो आणि पाठ फिरवली की परत येतो. तपासण्यानेच परिस्थिती बदलते. रमाबाई नेमकं हेच सांगत होत्या. जोतीराव म्हणतात न सांगता या, रमाबाई म्हणतात ज्याला घाबरणार नाहीत अशा माणसाला पाठवा. वरवर वेगळं वाटतं, पण तक्रार एकच आहे. वर्षातून एकदा येऊन गेलेल्या पाहुण्याला वर्ग दिसत नाही.

रमाबाई नुसतं बोलून थांबल्या नाहीत. पुढच्या वर्षी इंग्लंडात गेल्या, तिथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, चेल्टनहॅमच्या मुलींच्या कॉलेजात शिकल्या आणि संस्कृत शिकवलंही. मग अमेरिकेत फिलाडेल्फियाला बालवाडीच्या, म्हणजे फ्रोबेलच्या किंडरगार्टन पद्धतीचं प्रशिक्षण घेतलं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं तेव्हा त्यांच्यासमोर उद्देश स्पष्ट होता. विधवा मुलींना शिकवायचं, आणि त्यांतल्या काहींना शिक्षिका करायचं. केडगावचं मुक्ती मिशन त्याच्या पुढचं.

या मिशनच्या शाळांचा हेतू नुसता शिक्षणाचा नव्हता, धर्मप्रसाराचाही होता, हे लपवायचं कारण नाही. त्यावरून पुण्यात केवढं वादळ उठलं तेही ठाऊक आहे. पण शिक्षकाला आधी शिकवा, मग त्याच्या वर्गात जाऊन बसा, ही सवय त्यांनी लावली आणि ती धर्माच्या भिंती ओलांडून सगळीकडे गेली. मावशी काही ख्रिस्ती नाही. तिच्या मॅडम होत्या. दोघींमध्ये त्या विषयावर कधी बोलणंही झालं नाही. बोलणं व्हायचं ते खिडकीकडच्या रांगेबद्दल.

छत्तीस मिनिटं आणि वीस आठवडे

आज बी.एड. किंवा डी.एल.एड. करणाऱ्याला काय काय करावं लागतं, हे मंडळातल्या नव्या मुलामुलींना माहीत असावं म्हणून थोडक्यात सांगतो. तुमच्यापैकी कुणी शिक्षक व्हायचं म्हटलं तर घरचे "दुसरं काही मिळालं नाही का?" असं विचारतील, त्यांना हे ऐकवा.

सुरुवात होते सूक्ष्म अध्यापनाने. एकच कौशल्य घ्यायचं, समजा प्रश्न विचारण्याचं. सहा मिनिटं शिकवायचं. सहा मिनिटं सहाध्यायी आणि मार्गदर्शक काय चुकलं ते सांगतात. बारा मिनिटांत टाचण बदलायचं. पुन्हा सहा मिनिटं शिकवायचं, पुन्हा सहा मिनिटं ऐकून घ्यायचं. झाली छत्तीस मिनिटं. ही कल्पना १९६० च्या दशकात अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली आणि आपल्याकडे थोड्या फरकाने रुळली. त्यानंतर सराव पाठ, मग आंतरवासिता. २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात शाळेत घालवायचे एकूण वीस आठवडे आले. आता नव्या धोरणानुसार बारावीनंतरचा चार वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रमही सुरू झाला आहे.

कागदावर हे सुंदर आहे. प्रत्यक्षात? मावशीच्या शाळेत आंतरवासितेला मुलं-मुली येतात. ती म्हणते, चांगल्या कॉलेजचे मार्गदर्शक खरंच येऊन बसतात. बाकीचे सहीपुरते येतात. आणि ज्या पाठाला गुण असतात, त्याच्या आदल्या दिवशी काही छात्राध्यापक वर्गाला प्रश्न आणि उत्तरं दोन्ही सांगून ठेवतात. एकदा तर परीक्षक प्रश्न ऐकेपर्यंत दुसरीतल्या एका पोराने पुढच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकलं. परीक्षक हसले आणि चांगले गुण देऊन गेले. १८८२ मध्ये जोतीराव "न कळवता या" का म्हणाले, ते दुसरीतल्या त्या पोराने सिद्ध केलं.

मग वाटतं, त्यापेक्षा सगळ्यांना सारखी, संगणकाने तपासलेली परीक्षाच बरी. निदान वशिला तरी चालणार नाही. मीही असंच मानत होतो. पण महाराष्ट्रात २०१९-२० च्या टीईटीचं काय झालं ते आठवा. २०२१ च्या अखेरीला पुणे पोलिसांच्या तपासात उघड झालं की पैसे घेऊन नापासांना पास केलं गेलं. पुढे सात हजारांहून जास्त उमेदवार अपात्र ठरवले गेले. अटक झालेल्यांत परीक्षा परिषदेचे अधिकारी होते आणि परीक्षेचं संगणकाचं काम बघणारेही होते. माझ्या व्यवसायातली माणसं, म्हणून ते जास्त लागलं. डेटाबेसमधला आकडा बदलायला एक ओळ पुरते. मागच्या बाकावर बसलेल्या मॅडमनी जे बघितलं, ते बदलायला काय करणार?

परदेशात तरी कोडं सुटलंय का? अमेरिकेत बऱ्याच राज्यांनी होऊ घातलेल्या शिक्षकांकडून वर्गात शिकवतानाचा व्हिडिओ, टाचणं आणि मुलांचं काम मागवून बाहेरच्या परीक्षकांकडून गुण द्यायची पद्धत आणली. एडटीपीए तिचं नाव. तिथली ख्रिस्ती विद्यापीठंही याच चक्रातून गेली. चार पर्यायांच्या परीक्षेपेक्षा हे पुष्कळ बरं, कारण खरा वर्ग दिसतो. पण फी तीनशे डॉलर, लेखी काम डोंगराएवढं, आणि व्हिडिओ बघणारा माणूस पुन्हा परत येत नाही. जॉर्जियाने २०२० मध्ये आणि न्यू यॉर्कने २०२२ मध्ये ही सक्ती उठवली.

मग टीईटी नकोच का? मावशीला विचारलं. मला वाटलं ती "नकोच" म्हणेल.

"तसं नाही म्हणणार मी," ती म्हणाली. "ज्याला स्वतःला भागाकार येत नाही असा माणूस मी शाळेत बघितलाय. तो दारातच अडवायला हवा होता. परीक्षा दारापाशी ठीक आहे. पण आत आल्यावर कुणी बघायलाच येत नाही, त्याचं काय?"

भाषा न कळणारं मूल

मावशीने निवडलेल्या "चुकीच्या" उत्तराकडे पुन्हा येतो. तिच्या वर्गातली बहुतेक मुलं वारली. आपल्या खानवेल, दुधनी भागातल्या शाळांतही तेच. घरची बोली एक, पाठ्यपुस्तकाची दुसरी, बाजाराची तिसरी. आपल्या प्रदेशात तर शाळा मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा चारही माध्यमांच्या. नवीन शिक्षक बाहेरून येतो, प्रश्न विचारतो, मूल बघत राहतं. शिक्षक वहीत लिहितो, "प्रतिसाद नाही."

नोकरीच्या पहिल्या वर्षी मावशीनेही तसंच लिहिलं होतं. एक मुलगा वर्षभर गप्प होता. जूनमध्ये ती त्याच्या पाड्यावर गेली तर तो लहान भावंडांना शेळ्या मोजायला शिकवत होता, बोटं दुमडून, त्याच्या बोलीत. "तो माझ्यापेक्षा चांगला शिकवत होता रे," ती म्हणते. तेव्हापासून तिने वारली शिकायला घेतली. आता पहिलीच्या वर्गात जूनपासूनचे पहिले दोन महिने ती अर्धं बोलणं त्यांच्या बोलीतच करते.

यासाठी लांब कुठे जायला नको. कोसबाडची टेकडी इथून जवळ, डहाणू तालुक्यात. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि पुढे अनुताई वाघांसह त्या कोसबाडला गेल्या. मुलं बालवाडीत येत नाहीत तर बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. तिथे सेविकांचं प्रशिक्षणही व्हायचं. लोकांत मिसळणारा, त्यांच्या गरजा ओळखणारा शिक्षक हवा, असं जोतीरावांनी आयोगाला सांगितलं होतं. ते इथे आपल्या शेजारी घडलं. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८४ मध्ये पद्मश्री.

ही भाषा कळते की नाही, हे चार पर्यायांच्या प्रश्नात कसं मोजणार? कुणीतरी वर्गात येऊन बसायलाच लागेल.

आपण पालक काय करतो

शेवटी आपल्या घरचं. आमच्या मुलाच्या वर्गाचा पालकांचा एक ग्रुप आहे. युनिट टेस्टचे गुण आले की तासाभरात तिथे निकाल लागतो. "या मिस नवीन आहेत, यांना जमत नाही, मॅनेजमेंटला लिहू या." गेल्या वर्षी असंच एका नव्या शिक्षिकेबद्दल झालं. शाळेचं नाव महत्त्वाचं नाही. पत्रावर माझीही सही होती. त्या मिस दिवाळीनंतर दिसल्या नाहीत. त्यांच्या वर्गात आमच्यापैकी कुणी कधी बसलं नव्हतं. त्यांना कुणी अनुभवी शिक्षिका मार्गदर्शन करते आहे का, हेही कुणी विचारलं नव्हतं. आम्ही फक्त आकडा बघितला. मावशीचे ८१ गुण बघताना मला ते पत्र आठवलं आणि मान खाली गेली.

म्हणून पुढच्या पालकसभेसाठी मी तीन प्रश्न लिहून ठेवलेत. नव्या शिक्षकाला पहिल्या वर्षी कोण मार्गदर्शन करतं? त्याच्या वर्गात कोण आणि किती वेळा जाऊन बसतं? आणि जो बसतो, तो पुन्हा येतो का? फी, बस आणि युनिफॉर्मबद्दल आपण एवढं विचारतो, त्यात हेही विचारू या. आपल्या मंडळात निवृत्त शिक्षक-शिक्षिका बऱ्याच आहेत. शाळेने हो म्हटलं तर महिन्यातून एकदा नव्या शिक्षकाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला त्यांच्याइतकं योग्य कोण? तिथे गुण द्यायला बसायचं नाही. खिडकीकडची रांग दिसली का, एवढंच सांगायचं.

मावशीची बातमी सांगून थांबतो. गेल्या रविवारी तिने चौथी सराव परीक्षा दिली. ९३. बालमानसशास्त्रातली नावं आता पाठ झालीत. इंग्रजी माझी बायको घेते आहे आणि मावशीला तिचंही शिकवणं पसंत नाही. "तू फार भरभर जातेस गं, माझ्याकडे बघत नाहीस," असं तिने दोनदा सुनावलंय. त्या गप्प राहणाऱ्या मुलाचा प्रश्न पुन्हा आला होता. या वेळी तिने अ‍ॅपला हवं ते उत्तर दिलं आणि गुण घेतला.

"मग आता कळलं का काय करायचं ते?" मी चिडवलं.

"परीक्षेत काय करायचं ते कळलं," ती चष्मा काढत म्हणाली. "वर्गात काय करायचं ते आधीपासून माहीत आहे."

सोमवारी सकाळी साडेसहाच्या गाडीने ती तलासरीला गेली. या आठवड्यात तिच्या शाळेत दोन छात्राध्यापिका आंतरवासितेला येणार होत्या. पहिल्या दिवशी त्यांचा पाठ बघायला ती मागच्या बाकावर बसणार होती, आणि दुसऱ्या दिवशीही.

तुमच्या घरात कुणी शिक्षक असेल, किंवा शाळेत असताना कुणा बाईंनी वा सरांनी सांगितलेली एखादी ओळ अजून लक्षात असेल, तर मंडळाच्या पत्त्यावर जरूर लिहून पाठवा. पुढच्या अंकात त्यातल्या काही इथे देईन.

भेटू या पुढच्या महिन्यात.